जुन्या लुगड्यांचा डोंगर : पहिली भिंतगोधडी कशी शिवावी

‘गोधडी अंथरायची असते नाहीतर पांघरायची. भिंतीला काय थंडी वाजते का?’ मी पहिली भिंतगोधडी शिवायला घेतली तेव्हा आत्याने विचारलेला हा प्रश्न. तिच्या हाताखाली शेकड्याने वाकळा गेलेल्या, त्यामुळे तिला उत्तर देण्याची माझी पात्रता नव्हती. पण भिंतीवर लावण्याचा हा उद्योग काही मी एकटीने काढलेला नाही. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावून प्रदर्शन भरवलं होतं. त्या शिवणाऱ्या बायकांनीही त्या पांघरायलाच शिवल्या होत्या. टांगल्यावर लोकांना दिसलं की हे तर चित्र आहे.

आपल्याकडची गोधडी याला फारच सोयीची. परदेशी पद्धतीत आधी तुकडे एकमेकांना जोडायचे, मग थर लावायचे, मग वरून टाके घालायचे असं तीन वेळा काम असतं. आपल्या आज्या तुकडा थेट थरांवर मांडून, कड आत दुमडून, सगळ्यांतून एकदमच धावदोरा घालत. तोच दोरा जोडतोही आणि चित्रही काढतो. एवढं एक ध्यानात ठेवलं तर शिवणयंत्राचीही गरज नाही. धावदोरा येत असेल तर बाकीचं शिवता शिवता येतं.

पहिल्या कामासाठी मी एकच विषय सुचवते: पावसाळ्यातला डोंगर. एकामागे एक डोंगररांगा, वर आभाळ, खाली शेत. सह्याद्रीच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे चित्र डोळे मिटून काढता येतं, आणि शिवायला ते सोपं आहे, कारण सगळे तुकडे आडवे पट्टे असतात. माणूस, गाय, मोर हे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. तयार गोधडीचं माप रुंदीला २४ इंच, उंचीला १८ इंच धरू. याहून मोठी घेतलीत तर ती दिवाळीत सुरू होऊन पुढच्या दिवाळीला कपाटात सापडते.

कापड

दुकानात जाऊ नका. घरातलं बोचकं सोडा. जुनं सुती लुगडं, धोतर, चादर, सुती सदरे, परकराचं कापड, खणाचे उरलेले तुकडे, सगळं चालतं. एकच अट, सुती हवं. सिंथेटिक साडी सुळसुळीत असते, दुमडलेली कड बसत नाही आणि इस्त्रीखाली वितळते. रेशमी काठ मोह पाडतो, पण पहिल्या वेळी जरीचा जाड काठ वर लावू नका. तो जड असतो, बाकीचं कापड मऊ, आणि टांगल्यावर तेवढाच भाग ओढल्यासारखा दिसतो.

जुन्या कापडाची परीक्षा सोपी आहे. उजेडासमोर धरा; विरलेले भाग लगेच दिसतात. मग दोन अंगठ्यांनी ताणा. चर्र आवाज आला तर ते कापड वर येण्याच्या लायकीचं नाही. टाकू मात्र नका, ते पोटात, म्हणजे मधल्या थरांत घाला. गोधडीचं पोट फाटक्याने भरलं तरी कोणी विचारत नाही.

लागेल ते असं:

– अस्तराला एक अखंड तुकडा, २८ बाय २२ इंच. जुनी चादर उत्तम.
– पोटाला मऊ लुगड्याचे किंवा धोतराचे दोन थर, त्याच मापाचे.
– आभाळाला फिकट कापड, २८ इंच रुंद आणि साधारण १२ इंच उंच.
– तीन डोंगरांना तीन कापडं आणि शेताला एक, प्रत्येक २८ इंच रुंद.
– गोटाला, म्हणजे चारी कडा बंद करणाऱ्या किनारीला, अडीच इंच रुंद पट्टी, जोडून सुमारे ९५ इंच लांब.

बाजारात गादीसारखा फुगीर पॉलिस्टरचा थर मिळतो, तो मी घेत नाही. भिंतीला ऊब नको असते. शिवाय गोधडीची खरी मजा तिच्या बारीक सुरकुत्यांत आहे, त्या पातळ सुती थरांवरच पडतात.

कुणाचं कापड घेताय यालाही अर्थ असतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक वस्ती आहे. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. आपल्याकडे आजीच्या लुगड्याचं दुपटं करतात, त्यातलाच हा प्रकार. माझ्या डोंगरातली मधली रांग वडिलांच्या सदऱ्याची आहे. खिसा काढला तिथे कापड जरा गडद राहिलंय, तो चौकोन मी मुद्दाम ठेवला.

धुणं, आणि लाल रंगाची भानगड

सगळं कापड कापण्याआधी गरम पाण्यात धुवा. एक तर सुती कापड आटतं, ते नंतर आटण्यापेक्षा आधी आटलेलं बरं. दुसरं कारण रंग. लाल, काळा आणि गडद निळा यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कापड ओलं असताना पांढऱ्या रुमालात गुंडाळून पिळा. रुमालाला रंग लागला तर पुन्हा धुवा, पुन्हा बघा. चार-पाच धुण्यांनंतरही लागत असेल तर ते कापड दुसऱ्या कामाला ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. आधीच रंगवलेल्या कापडावर मिठाचा तसा काही उपयोग होत नाही. माझ्या पहिल्या गोधडीत मी मिठावर विसंबले आणि आभाळात कायमचा गुलाबी सूर्यास्त झाला. पाहुण्यांना तो आवडतो, पण मला पाऊस हवा होता.

धुतल्यावर कडक इस्त्री करा. इथे आळस केला तर पुढे प्रत्येक तुकडा वाकडा बसतो.

रंगांचा क्रम

लांबचा डोंगर फिकट आणि निळसर दिसतो, जवळचा गडद. मधे हवा, धुकं, पाण्याचे कण असतात ना, म्हणून. ही एक गोष्ट पाळली की साध्या पट्ट्यांचे डोंगर होतात. नाही पाळली तर पट्ट्यांचे पट्टेच राहतात. म्हणून कापड निवडताना रंगापेक्षा फिकट-गडद बघा.

तपासायची युक्ती: कापडं क्रमाने जमिनीवर मांडा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. शेजारच्या दोन रांगा फोटोत एकजीव झाल्या तर त्यातली एक बदला, मग प्रत्यक्षात एक हिरवी आणि एक तांबडी का असेना. मोबाइल नसेल तर डोळे बारीक करून लांबून बघा, तेच दिसतं. बुट्ट्यांची, फुलाफुलांची कापडं पुढच्या रांगेला ठेवा. मोठी नक्षी मागच्या डोंगरावर गेली की तो डोंगर उडी मारून पुढे येतो.

आखणी

वर्तमानपत्राची पानं चिकटवून २८ बाय २२ इंचांचा कागद करा. त्यात मधोमध २४ बाय १८ चा चौकोन आखा. चित्र तेवढंच दिसणार, बाकीचा दोन-दोन इंचांचा भाग नंतर कापायचा आहे. आता एकामागे एक तीन रांगा आणि खाली शेताची रेघ काढा. रेघा कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत न्या.

रांग काढताना आठवा की आपला डोंगर टोकदार कमी आणि सपाट माथ्याचा जास्त असतो. पठार, मग उतार, मग एखादी खिंड. मुलांच्या चित्रकलेतले तीन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य काढू नका. सुळकाही पहिल्या वेळी नको, कारण टोकदार जागी कड आत दुमडायला पुरेसं कापड राहत नाही. सगळ्या रांगांचे माथे एका उंचीवर येऊ देऊ नका. तुमच्या गावच्या डोंगराची रेघ काढलीत तर फारच छान. गावचा माणूस आला की ओळखतो.

रेघांना मागून पुढे १, २, ३, ४ असे क्रमांक द्या आणि कागद कापून तुकडे वेगळे करा. कापडावर ठेवताना सुलट बाजू वर ठेवा, नाहीतर डोंगर उलटा होतो (झालाय). खडूने आखा. वरच्या रेघेबाहेर अर्धा इंच जास्त ठेवा, ते आत दुमडायला. खालच्या बाजूला दोन इंच जास्त ठेवा, ते पुढच्या डोंगराखाली दडतील. चौथ्या तुकड्याला, म्हणजे शेताला, खाली काही वाढवायची गरज नाही.

थर मांडणं

फरशी पुसून घ्या. अस्तर उलट बाजू वर करून पसरा आणि चारी कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. ताणायचं नाही, फक्त सुरकुती जाईल इतकंच. त्यावर पोटाचे दोन थर, हाताने मधून बाहेर सारखे करत. वर आभाळ. मग पहिला डोंगर, त्याची वरची कड अर्धा इंच आत दुमडून. जिथे रेघ आत वळते, म्हणजे खिंडीत, तिथे दुमडायच्या भागाला कात्रीने छोट्या चिरा द्या. चिरा रेघेच्या एक सूत (इंचाचा आठवा भाग) अलीकडे थांबवा. बाहेर वळणाऱ्या माथ्यावर चिरा लागत नाहीत, उलट जादा कापड थोडं कमी करावं लागतं. दुमडलेल्या कडेवर इस्त्री फिरवली की ती बसते. टाचण्या लावा. मग दुसरा डोंगर, तिसरा, शेवटी शेत.

आता कच्चा दोरा. कोणत्याही रंगाच्या दोऱ्याने, लांब-लांब टाक्यांनी, मध्यापासून चारी दिशांना, आणि मग दर चार इंचांवर एक ओळ. नव्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि ते टाचण्यांवरच शिवायला लागतात. दुसऱ्या दिवशी टाचण्या पडतात, पोटातला थर गोळा होतो आणि मागे अस्तरावर चुण्या येतात. त्या चुण्या उसवल्याशिवाय जात नाहीत. अर्धा तास द्या.

दोरा

जाड सुती दोरा घ्या, भरतकामाचा चालेल. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुती कापडापेक्षा मजबूत असतो आणि वर्षानुवर्षांत त्यालाच कापत जातो. सुई लांब, बारीक टोकाची, दोरा जाईल एवढ्या नाकाची. दाभण नको, त्याने पोती शिवतात. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. पहिल्या दिवशी ते अडचणीचं वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय चालत नाही. दोरा हातभरच ओवा. लांब दोरा ओवणाऱ्याचा वेळ वाचत नाही, गाठी सोडवण्यात जातो. मेणाच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढला की गुंता कमी होतो.

गाठ मागे दिसू नये म्हणून सुई वरच्या थरातून इंचभर लांब घालून, हव्या त्या जागी बाहेर काढा आणि हलका झटका द्या. गाठ ‘टक्’ करून पोटात शिरते. हा आवाज पहिल्यांदा आला की कुणाला तरी दाखवावंसं वाटतं.

सुरुवात मधल्या डोंगराच्या माथ्यापासून करा. दुमडलेल्या कडेपासून एक सूत आत धावदोरा घाला. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढायचा. इंचाला चार टाके पडले तरी पहिल्या वेळेला पुरे. बारीकपेक्षा सारखे असणं महत्त्वाचं. डावा हात खाली ठेवा, प्रत्येक टाक्याला सुईचं टोक बोटाला जेमतेम लागलं पाहिजे, म्हणजे सुई शेवटच्या थरापर्यंत पोचली हे कळतं. मधून मधून उलटून बघा. दोरा घट्ट ओढू नका. कापड गोळा होत असेल तर बोटांनी ओळ चेपून सरळ करा.

सगळ्या माथ्यांच्या रेघा झाल्या की तुकडे पक्के झाले. आता भरायचं. इथे तुमचा हात दिसतो. डोंगरांवर माथ्याच्या रेघेला समांतर ओळी घाला, एकीखाली एक, जशा पाण्याने पायऱ्या पडाव्यात तशा. आभाळात तिरप्या, सगळ्या एकाच दिशेच्या ओळी: तो पाऊस. शेतात आडव्या सरळ ओळी, मधे लुगड्याच्या पातळ सुती काठाची एखादी पट्टी बांधासारखी. दोऱ्याचा रंग कापडाहून थोडा वेगळा घ्या; आभाळाला पांढरा आणि करडा असे दोन दोरे आलटून-पालटून घातले तर सर खरी वाटते.

सगळीकडे ओळींमधलं अंतर साधारण सारखं ठेवा, बोटभर. हे मी आवडीनिवडीतून सांगत नाही. धावदोरा कापडाला आटवतो. जिथे ओळी दाट तिथे जास्त, जिथे विरळ तिथे कमी. अंथरलेल्या गोधडीत हा फरक दिसत नाही, अंगाखाली सगळं सपाट होतं. टांगली की लगेच दिसतो. माझ्या पहिल्या गोधडीत डोंगर दाट शिवले आणि कंटाळून आभाळ तसंच सोडलं. भिंतीवर लावल्यावर आभाळाचं पोट सुटलं, आणि वर गुलाबी.

मधून बाहेर शिवत जायचं, म्हणजे फुगवटा कडेकडे सरकतो आणि निघून जातो. उत्तर कर्नाटकाच्या किनाऱ्यामागच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी समाजाच्या बायका मात्र कवंदी नावाची त्यांची गोधडी कडेपासून सुरू करून फेऱ्या मारत आत येतात, आणि त्यांची गोधडी सपाट होते. त्या कच्चा दोरा न घालता हाताच्या अंदाजाने तुकडे बसवत जातात. तो हात तयार होईपर्यंत आपण मधूनच सुरू केलेलं बरं.

रोज तासभर दिलात तर तीनेक आठवड्यांत हे पुरं होतं.

चौकोन करणं आणि गोट

कच्चा दोरा काढा. गोधडीवर पाणी शिंपडून ओलसर करा, सपाट जागी पसरून हाताने चारी बाजू सारख्या करा आणि तशीच वाळू द्या. मग २४ बाय १८ चा चौकोन आखा. कोपऱ्याला सुताराचा गुण्या लावा; नसेल तर फरशीच्या सांध्यांवर ठेवून बघा. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तरच कापा. टांगलेली वस्तू पाव इंच वाकडी असली तरी डोळा तिथेच जातो.

गोटाची पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा, म्हणजे ती सव्वा इंचाची दुहेरी होते. तिच्या उघड्या कडा गोधडीच्या सुलट बाजूच्या कडेला लावून पाव इंचावर शिवा. घडीची बाजू मागे वळवून हेम टाक्याने अस्तराला लावा. आधी डावी-उजवी बाजू पूर्ण करा, मग वरची-खालची, टोकं आत दुमडून. कोपरे तिरके जोडण्याची कला नंतर शिका. शिवताना पट्टी ओढू नका, सैल ठेवा. ओढलेल्या गोटामुळे कडा आत वळतात.

टांगणं

कोपऱ्यांत कड्या लावून टांगू नका; वजन दोन जागी येतं, मध्य खाली येतो आणि वर्षभरात कोपरे लांब होतात. मागे दांडीची नळी शिवा. साडेसहा इंच रुंद आणि २३ इंच लांब पट्टी घ्या, दोन्ही टोकं अर्धा इंच दुमडून शिवा, मग लांबीत घडी घालून वरच्या गोटाच्या लगेच खाली मागच्या बाजूला लावा. वरची कड आधी शिवा. खालची शिवताना नळी किंचित वर सरकवा, म्हणजे दांडीला लागणारा फुगवटा नळीतच राहतो, समोर उमटत नाही. टाके अस्तर आणि पोटातूनच घ्या, पुढे दिसू देऊ नका.

नळी २२ इंचांची झाली. दांडी २३ इंचांची घ्या, तिची अर्धा-अर्धा इंच टोकं दोन खिळ्यांवर किंवा आकड्यांवर टेकतात आणि गोधडीमागे लपतात. पडद्याचा ॲल्युमिनियमचा पाइप किंवा सपाट लाकडी पट्टी, दोन्ही चालतं. कच्च्या लाकडाने कापडावर हळूहळू पिवळे डाग पडतात, म्हणून त्याला वॉर्निश लावा आणि पूर्ण वाळू द्या. सिमेंटच्या भिंतीत हातोडीने खिळा ठोकण्याचा हट्ट करू नका, ड्रिलवाल्याला बोलवा.

जागा निवडताना दोन शत्रू लक्षात ठेवा. खिडकीतून येणारं दुपारचं ऊन रंग उडवतं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि मागच्या अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते धुतल्यावरही पूर्ण जात नाहीत. म्हणून आतली भिंत बरी. बाहेरचीच असेल तर आकडे जरा लांब ठेवा, म्हणजे मागे हवा खेळते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गोधडी उतरवून ठेवा. ठेवताना घडी नको. घडीच्या रेघा बसतात. जुन्या धोतरात गुंडाळी करून ठेवा, कसर लागू नये म्हणून आत वाळलेला कडुलिंबाचा पाला, पण कापडाला थेट लागणार नाही असा पुरचुंडीत.

मागे एका कोपऱ्यात कापडाचा छोटा तुकडा लावा आणि त्यावर दोऱ्याने लिहा: कोणी शिवली, कधी, कोणता डोंगर, आणि कापड कुणाकुणाचं.

घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला निघतात, तेव्हा हिला त्या ढिगात जाऊ देऊ नका. मऊ ब्रशने धूळ झाडा, सावलीत वाऱ्यावर दोन तास पसरा आणि परत लावा.